तिरुपतीला न गेलेले केस

"गाठ साधी नाही," डॉक्टर म्हणाले आणि टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला. लातूरच्या त्या दवाखान्यात उकाड्याने जीव नकोसा झाला होता. त्यांच्या हातात माझ्या बायोप्सीचा रिपोर्ट होता. बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीकसा तुकडा सुईने काढून तो तपासणं. माझे यजमान बसवराज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असे टक लावून बघत होते की जणू रिपोर्ट तिथेच छापला होता. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. आधी ऑपरेशन करायचं होतं आणि त्यानंतर केमोथेरपी, म्हणजे शिरेतून द्यायची औषधं.

मी विचारलेला पहिला प्रश्न जगेन का, हा नव्हता. "केस जातील का?" असं मी विचारलं.

"जातील. आणि परत येतील," डॉक्टर म्हणाले.

"सगळे? भुवया, पापण्या? नाकातलेसुद्धा?"

त्यांनी चष्मा काढला. "नाकातल्या केसांचं आजवर कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

मला ही खोडच आहे. कुठलीही गोष्ट उलटीपालटी करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात उदगीरला आमचं बांगड्या, रिबिनी, पिना आणि गंगावणांचं दुकान. खोटी वेणी, म्हणजे गंगावण, बायकांच्या अंबाड्यात कशी बेमालूम बसवायची, हे मी निम्म्या गावाला शिकवलेलं. केस वाढवणाऱ्या तेलांच्या बाटल्यांनी माझं एक अख्खं फडताळ भरलेलं. आता माझंच डोकं रिकामं होणार होतं, आणि रडू येत असतानासुद्धा आत कुठेतरी वाटत होतं, कसं होत असेल ते, बघू या तर खरं.

पण मी हे लिहायला बसले ती निव्वळ केसांसाठी नाही. आमच्या समोर पिठाची गिरणी चालवणाऱ्या अंजनामावशीचा जीव माझ्या या केसांच्या भानगडीत अडकला होता. ते कसं झालं, हे तुमच्यापैकी ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना कळायला हवं.

घरी जाताना एसटीत यजमान म्हणाले, "गल्लीत सांगायचं नाही. कॅन्सर म्हटलं की लोक भेटायला येत नाहीत, शेवटचं बघायला येतात." माझं माहेर औशाचं. तेव्हा लातूरच्या प्रत्येक खेपेला 'औशाला आईकडे गेली' असं सांगायचं ठरलं. ऑपरेशनही त्यातच उरकलं. घरात सासरे होते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. थकलेल्या जिवाला घोर नको म्हणून त्यांनाही तेच सांगितलं.

ते वर्ष भयंकर दुष्काळाचं होतं. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. दवाखान्यातल्या संडासाबाहेर ड्रम आणि त्यावर एक डबडं बांधलेलं. केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसलेली बाई मला आजार विचारायच्या आधी विचारायची, "तुमच्याकडं किती दिवसाला पाणी येतंय?" नर्सबाईंनी बजावलं होतं की प्यायचं पाणी उकळूनच आणा. केमोने पांढऱ्या पेशी कमी होतात. पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या रक्तातल्या राखणदार. त्या कमी झाल्या की साधं पाणीही अंगाशी येऊ शकतं. आप्पा मला औशाच्या प्रवासासाठी म्हणून दर खेपेला उकळलेलं पाणी बाटलीत भरून द्यायचे. औशाला कुणी एवढं उकळलेलं पाणी नेतं का, असा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही.

पहिल्या केमोनंतर मी रोज सकाळी केस ओढून बघत होते. काहीच होईना. मला तर वाटायला लागलं की आपली मुळंच घट्ट, आपल्याला काही होणार नाही. मग एके दिवशी टाळू दुखायला लागली. वेणी फार आवळून बांधल्यावर दुखते ना, तशी. त्यानंतर उशीवर केस, जेवणात केस, आणि न्हाताना तर मूठभर केस हातात. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. कॅन्सर भराभर वाढतो, केसाचं मूळही भराभर वाढतं. औषधाला दोघांतला फरक कळत नाही." मला हे पटलं. रोजचे पुंजके वेचण्यापेक्षा मी यजमानांना सांगितलं, मशीन लावा. मशीन फिरवताना ते अधूनमधून नाक पुसत होते.

बोडक्या डोक्याने मला बरंच काही शिकवलं. एक म्हणजे डोक्याला थंडी वाजते, तीही भर उन्हाळ्यात, पंख्याखाली. दुसरं म्हणजे ऊन थेट चटके देतं, म्हणून मऊ सुती कपडा बांधायचा. सिंथेटिक स्कार्फ घसरतो आणि खाज सुटते. पापण्या गेल्यावर डोळ्यांत धूळ जाते, आणि त्या वर्षी उदगीरला धुळीशिवाय दुसरं होतं काय! नाकातले केस गेले की नाक पाण्यासारखं गळतं, तेव्हा पदराला रुमाल बांधून ठेवा. सकाळी विभूतीची तीन बोटं ओढायला आरशासमोर उभी राहिले तर कपाळ कुठे संपतं तेच कळेना. एकदा भस्माची रेघ पार टाळूपर्यंत गेली आणि मी एकटीच हसत बसले.

यजमानांनी नांदेडहून एक विग आणला होता. दुकानदारीच्या नजरेने मी तो आतून बाहेरून तपासला, टाके बघितले, माल बरा होता. डोक्यावर घातला आणि मला सटासट शिंका सुरू झाल्या. विग कपाटात गेला.

कपडा बांधून मी दुकानात बसले तेव्हा लपायचं ते लपलं नाहीच. अंजनामावशी गिरणीतून आली, केसांवर, भुवयांवर पीठच पीठ. तिने माझ्या कपड्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "महानंदा, काय गं हे? केसं कुठं गेली?"

माझं तोंड उघडायच्या आत यजमान म्हणाले, "तिरुपतीला दिले. हिच्या छातीत गाठ आली होती. नवस बोलली, गाठ गेली. औशाहून तसेच जाऊन आलो."

आमच्या भागातून तिरुपतीला जाणारे लोक पुष्कळ. गावात एखादी बाई मुंडण करून, डोकं उतरवून आली की कुणाला काही वेगळं वाटत नाही. त्यामुळे ही थाप चपखल बसली. फक्त दोन गोष्टी यजमानांच्या लक्षात आल्या नाहीत. पहिली म्हणजे प्रसाद. गल्लीभर मागणी सुरू झाली, "लाडू कुठं हायत?" शेवटी त्यांनी नांदेडच्या एका हलवायाकडून बुंदीचे मोठे लाडू आणून तुकडे करून वाटले. मावशीने तिचा तुकडा कपाळाला लावला, डोळे मिटले आणि मग खाल्ला.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचे वडील. आम्ही लिंगायत, आप्पांच्या गळ्यात लिंग, रोजची शिवपूजा चुकायची नाही. त्यांनी दोन दिवस माझ्याशी शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, ह्या घरातलं कुणी आजवर तिकडं डोकं द्यायला गेलं न्हाई. जायचं तर जावं, देव काय परका हाय का. पर मला इचारायचं तरी हुतं."

मला राहवलं नाही. त्यांच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. मग म्हणाले, "कॅन्सर तर कॅन्सर. त्याला औषध हाय. पर लबाडी देवाच्या नावावर कशाला?" मला लाज वाटली. पण केमोने अंगात त्राण नव्हतं, आणि गल्लीला काय सांगायचं ते बरं झाल्यावर सांगू, असं म्हणून मी तो विषय तसाच राहू दिला.

गल्लीने तर माझ्या टकलाचीही मजाच केली. टँकरच्या रांगेत मावशी म्हणायची, "हिचं बरं हाय. तांब्याभर पाण्यात डोस्कं धुऊन मोकळी. आमाला दोन घागरी लागत्यात." उदगीर जिल्हा होणार, अशा बातम्यांनी तेव्हा गाव गरम होतं. चौकात फलक, दुकानात तीच चर्चा. मावशी माझ्या कपड्याखाली डोकावून म्हणायची, "जिल्हा व्हायच्या आदी तुझी वेणी हुईल बघ." आम्ही दोघी हसायचो. त्या हसण्यात ती माझ्याकडे इतकं निरखून का बघते, हे मात्र चौकस म्हणवणाऱ्या मला कधी उमगलं नाही.

शेवटची केमो झाली. मी रोज बोटाने टाळू चाचपायचे. काही आठवड्यांनी लव आली, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर असते तशी. ती इतकी मऊ की यजमान येता-जाता हात फिरवायचे आणि मी त्यांचा हात झटकायचे. मग खरे केस आले, आणि आले ते चक्क कुरळे! माझे केस जन्माचे सरळ. डॉक्टर म्हणाले, "केमोनंतर बऱ्याच जणींचे असे येतात. मूळ पुन्हा घडी बसवतंय. पुढे बहुतेक पहिल्यासारखे होतील." मी फडताळातलं कुठलं तेल लावू विचारलं तर म्हणाले, "तुमच्या मनाला बरं वाटेल ते. केस तेलाने आलेले नाहीत, आपले आपण आलेत." दुकानात येऊन मी त्या बाटल्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. विकणं मात्र बंद केलं नाही, संसार आहे.

दिवाळीनंतर एका दुपारी अंजनामावशी दुकानात आली. मी ओळखलंच नाही. डोकं पूर्ण उतरवलेलं, त्यावर वाळलेलं चंदन. चेहरा मात्र सण असल्यासारखा. तिने माझ्या हातात कागदात बांधलेला लाडू ठेवला.

"खरा हाय. तुपाचा वास बघ," ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. "पोटच्या पोरीला सांगितलं न्हाई, तुला सांगते. मलाबी गाठ हाय. उनाळ्यात हाताला लागली. तुझी गेली ते बघितलं, मग मीबी बोलले देवाला. देऊन आले."

उन्हाळ्यात. म्हणजे मी कपडा बांधून बसले होते तेव्हापासून.

"मावशी, गाठ गेली का?"

"जाईल की. तुझी काय लगेच गेली?"

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, तिला मागे बांगड्यांच्या खोक्यांमध्ये नेलं आणि ब्लाउजची हुकं काढून तिला माझी छाती दाखवली. एका बाजूला सपाट, आडवा व्रण. ती बघत राहिली. पिठाने खरखरीत झालेलं बोट तिने हळूच त्यावरून फिरवलं.

"हे देवानं केलं?"

"लातूरच्या डॉक्टरांनी केलं. कॅन्सर होता मावशी. केस औषधाने गेले. मी तिरुपतीला गेलेच नाही."

"मग तो लाडू?"

"नांदेडच्या हलवायाचा."

ती खोक्यावर बसली. एवढंच म्हणाली, "मी कपाळाला लावून खाल्ला हुता गं."



दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरला गेलो. ती, मी आणि आप्पांनी भरून दिलेली पाण्याची बाटली. तपासण्या झाल्या. काखेतल्या लिम्फ नोडमध्ये आजार पोहोचला होता. लिम्फ नोड म्हणजे अंगातल्या चौक्या. तिथे शत्रू सापडला की तो घराबाहेर पडलाय असं समजायचं. "उशीर झालाय," डॉक्टर म्हणाले, "पण हाताबाहेर नाही. आधी केमो, मग ऑपरेशन." मावशीने त्यांच्यापेक्षा माझ्याकडेच जास्त वेळ बघितलं. परतताना एसटीत मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफीबिफी ऱ्हाऊ दे. दर खेपंला संगं यायचं." मी प्रत्येक खेपेला गेले.

तिरुपतीनंतर तिच्या डोक्यावर नुकतेच केस उगवले होते. केमोने तेही गेले. "बारीक केसं दिसत न्हाईत, पर लई टोचतेत," ती म्हणायची. मी माझे सुती कपडे तिला दिले, नाकासाठी रुमाल दिला, आणि गल्लीत घरोघर जाऊन मला काय झालं होतं ते स्वतः सांगून आले. यजमान सोबत होते, मान खाली घालून. कुणी आम्हाला टाकलं नाही. तीन बायकांनी दाराआड नेऊन हळूच काहीबाही विचारलं, त्यातली एक माझ्यासोबत लातूरला येऊन दाखवूनही आली.

आता आम्ही दोघीही ठरलेल्या वेळी तपासायला जातो. पुढे काय होईल ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत, आणि त्यांचा हाच खरेपणा मला आवडतो. आप्पांचे, त्या नर्सबाईंचे आणि नाकातल्या केसांवरही नीट उत्तर देणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

ऑपरेशन होऊन मावशी पुन्हा गिरणीवर बसायला लागली, तेव्हाची गोष्ट. मी दुकानाच्या पायरीवर होते. दळणाचा डबा घेऊन आलेल्या एका तरण्या बाईने मावशीच्या बोडक्या डोक्याकडे बघून हात जोडले. "मावशी, तिरुपतीला जाऊन आलाव काय?"

"जाऊन आले," मावशी गिरणीच्या आवाजावर ओरडून म्हणाली. "ती पयली केसं. देवाला दिलेली, ती त्याची. ही लातूरला गेली, औषधानं. कॅन्सर हुता मला. तू आपलं अंग कधी चाचपून बघतीस का?"

बाईने डबा पोटाशी धरला आणि खाली बघितलं.

मावशीने गिरणी बंद केली. "दळण ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हिकडं आत ये."