हसऱ्या दगडाच्या गावी

पुण्याहून निघताना या वेळी मी रंगांची पेटी घेतली नाही. मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. कुठंही जायचं असलं की आधी रंग भरले जातात, कपडे मागून आठवतात. या खेपेला मात्र पेटीकडे बघवेना.

त्याला कारण वनिताबाईंचा फोन. वनिताबाई मूळच्या सिंदेवाहीच्या. नवरा, सासू, घर सगळं तिकडे, आणि या इकडे भामरागडच्या पुढच्या एका माडिया आदिवासी गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. माझं पुस्तक त्यांच्या शाळेत गेलं तेव्हापासूनची आमची ओळख. त्या म्हणाल्या, "ताई, सोमी तीन आठवड्यांपासून शाळेत येऊन नाई राह्यली. तुमच्या पुस्तकापायी झालं. फोनवर नाई सांगता येत. एकडाव येऊन जा."

सोमी म्हणजे त्या पुस्तकाची नायिका. पुस्तकात तिचं नाव मी मिनू ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या गावात चित्रांचं शिबिर घ्यायला गेले असताना आठेक वर्षांची ही मुलगी मला रस्त्याकडेच्या एका उंच दगडापाशी बसलेली दिसली. तिनं पानावर भात वाढून दगडापुढं ठेवला होता आणि त्याच्याशी गप्पा चालल्या होत्या. मी लांबून भराभर रेखाटनं केली आणि घरी येऊन गोष्ट रचली. एकटी मुलगी दगडाशी मैत्री करते, त्याला डोळे आणि हसरं तोंड रंगवते. मग गावातली मुलं येतात, प्रत्येक जण एकेक दगड रंगवतो आणि सगळे दोस्त होतात. शेवटच्या पानावर मुलांसाठी उपक्रम होता: ‘तुमच्या मित्राला आनंद होईल असा एक दगड रंगवा.’ पुस्तकाचं बरंच कौतुक झालं. परीक्षणांत ‘सहसंवेदना’ हा शब्द इतक्यांदा आला की ती माझ्या मालकीचीच आहे असं मला वाटायला लागलं होतं.

चंद्रपूरला सकाळी उतरले तेव्हा धुकं होतं, की कोळशाचा धूर, ते कळत नव्हतं. स्टँडबाहेर तर्री (झणझणीत रस्सा) घातलेले पोहे घेतले आणि निम्मे टाकले. अहेरीची एसटी लागली. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, तिच्यातून डिसेंबरचा वारा थेट कानात. धान कापून झालं होतं. बांध्या (भाताची शेतं) रिकाम्या, खुंटांनी भरलेल्या. एरवी मला असा उघडा मुलूख आवडतो, त्या दिवशी तो नुसता ओका वाटला.

गोंडपिपरीला एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले. पायाशी बांगड्यांची पेटी, डोक्यावर जाळीची टोपी. नाव यासीनभाई. तीस वर्षं अहेरी, एटापल्लीकडचे आठवडी बाजार करत आलेले.

"पुस्तक कशाचं होय, बाई?" माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत त्यांनी विचारलं.

"लहान मुलांचं. मीच केलंय."

त्यांनी सदऱ्याला हात पुसले आणि पुस्तक जपून घेतलं. दोन पानं कौतुकानं पाहिली. तिसऱ्या पानावर थांबले. मग पुढची पानं न उलटता सरळ शेवट पाहिला. तिथं रंगवलेल्या दगडांची रांग होती, एकूण एक दगड हसणारा.

"हे तर मेलेल्या माणसांचे दगड होय न?"

मी त्यांच्या हातातल्या पानाकडे वाकून पाहिलं.

"माडिया लोक माणूस गेलं का त्याच्या नावानं दगड उभा करते. आमी सायकलनं जात होतो न, तवा तिथी उतरून पायी जात होतो. कोणी सांगतलं नाई, पण उतरत होतो." त्यांनी पुस्तक मिटून परत माझ्या मांडीवर ठेवलं. माझा चेहरा पाहून लगेच म्हणाले, "चित्रं मात्र लय सुंदर काढले तुमी."

आष्टीपर्यंत मी पुस्तक उलटं धरून बसले होते. शिबिराच्या पाच दिवसांत मी मुलांना झाडाच्या छटा शिकवल्या, माणसाच्या बोटांचं प्रमाण शिकवलं. हा दगड कोणाचा, एवढं मात्र कुणाला विचारलं नव्हतं. आष्टीच्या पुढं लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली. दोन्ही बाजूंची सागाची पानं लाल धुळीनं माखली होती. आलापल्लीला गाडी बदलली. भामरागडला पोचले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. पर्लकोटा नदीच्या पुलावर वनिताबाई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. पावसाळ्यात कित्येकदा तुटणारा हा रस्ता आज मोकळा होता. तो बंद असता तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात येऊन गेलं. लाज वाटली, पण आलं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडे निघालो. गावाचं नाव मी लिहीत नाही, आधीच पुरेसं करून ठेवलंय. वनिताबाई वाटेत सगळं सांगत होत्या.

"मले तरी कुठी माहीत होतं, ताई? मी जूनमधी इथी आली. तुमचं पुस्तक आलं, संग रंगाचे डबे. पोट्टे खूश. मी उपक्रम घेतला. सगळ्यांनी नदीतले गोटे आणून रंगवले. फक्त जैनीनं नाई."

जैनी ही सोमीची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका बसकरपट्टीवर बसायच्या. पुस्तकातली मिनू म्हणजे आपली सोमी, हे तिनं पहिल्या पानावरच ओळखलं होतं. पुस्तकात दगडाला तोंड काढल्यावर मिनू हसते. मग सोमीला हसवायचं म्हणून जैनी दुपारच्या सुट्टीत एकटीच डबा घेऊन गेली आणि तिनं सोमीच्या आईच्या दगडावर डोळे आणि हसरं तोंड काढलं. गावातल्या कुठल्याच मुलानं एरवी ते केलं नसतं. तिनं केलं, कारण छापील पुस्तकात होतं, आणि पुस्तक शाळेनं दिलं होतं.

दगड रस्त्याच्या कडेलाच होता. सहा-सात दगडांत तो एकटाच रंगीत. पांढरे वाटोळे डोळे, लाल ओठ, अगदी माझ्या पानावरचे. जैनीनं नक्कल चांगली केली होती. दगडावर टिकतील असेच पक्के रंग मुलांना द्या, असा प्रकाशकाकडे आग्रह माझाच होता. 

सोमीचे वडील लालसूभाऊ अंगणात दोर वळत होते. "जोहार," म्हणाले आणि खाट पुढं केली. त्यांनी ओरडावं, असं मला फार वाटत होतं. त्यांनी जावा (पातळ पेज) आणायला सांगितला. ते माडियात बोलत आणि वनिताबाई सहा महिन्यांत शिकलेल्या तेवढ्या माडियातून मला सांगत.

"म्हणते का, वाळूनं घासून पाह्यलं, राखेनं पाह्यलं. आणखी घासलं तर दगडाले लागन, म्हून सोडून देल्लं."

मी माफी मागितली. हात जोडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत मागितली. त्यांनी मान हलवली. पेरमाशी (गावच्या पुजाऱ्याशी) बोलणं झालं होतं. पुढच्या वर्षी सगळं गोत्र जमेल तेव्हा पुन्हा विधी होईल. तोवर त्या दगडापुढं काही ठेवायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

"नवं धान आधी सोमीच्या आईले ठेवते, मंग हे लोक खाते," वनिताबाई हळूच म्हणाल्या. "यंदा तिले भेटलं नाई. म्हून घरात कोणीच नाई खाल्लं. हा जावा जुन्या धानाचा होय."

वाटी माझ्या हातात तशीच राहिली. मग संपवली, कारण न संपवणं आणखी वाईट झालं असतं.

सोमी दाराच्या आत, आमच्याकडे पाठ करून बसली होती. दोन वर्षांत उंच झाली होती. मी उंबऱ्यापाशी गेले आणि माझा तो ठेवणीतला, मुलांशी बोलायचा गोड आवाज लावला. "सोमी, आपण दोघी मिळून नवं पुस्तक करू या का? तू सांगशील तसंच काढीन मी."

ती वळली नाही. भिंतीकडे बघतच काहीतरी म्हणाली.

"म्हणते, माह्या आईचं तोंड असं नव्हतं," वनिताबाईंनी सांगितलं.

मी तिला समजावू लागले. मला ठाऊक नव्हतं, मी लांबून पाहिलं होतं, ते तोंड तिच्या आईचं नव्हतंच, गोष्टीतल्या दगडाचं होतं. एकामागून एक कारणं देत राहिले. वनिताबाईंचं भाषांतर मध्येच थांबलं, तेव्हा मीही थांबले. सोमी उठून मागच्या दारानं निघून गेली.

परतताना चंद्रपुरात एका शाळेत माझा कार्यक्रम महिन्याभरापूर्वीच ठरलेला होता. फळ्यावर माझं नाव, खाली फुलं. पुस्तक वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर अडकले. मग ते बाजूला ठेवून मुलांना झालेलं सगळं सांगितलं. शिक्षक चुळबुळले, कारण पाहुणीनं आनंदी काहीतरी करावं अशी अपेक्षा होती. मुलं मात्र कान देऊन ऐकत होती.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, तुमी सॉरी म्हटलं का?"

"हो. तिच्या बाबांना म्हटलं. गावातल्या मोठ्या माणसांनाही निरोप दिला."

"अन् सोमीले?"

मी आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं. तिला मी नव्या पुस्तकाचं आमिष दाखवलं होतं आणि कारणं दिली होती.

"नाही," म्हणाले.

"काऊन?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं. 

पुण्याला आल्यावर प्रकाशकांना सांगून पुस्तकाची विक्री थांबवली. गेलेल्या प्रती परत येणार नाहीत, त्या कुठल्या कुठल्या शाळांत हसत बसल्या असतील. सोमीला पत्र लिहिलं. त्यात चित्र नाही, कारणही नाही, फक्त ‘माझं चुकलं’ एवढंच. परवा वनिताबाईंचा फोन आला. पत्र त्यांनी घरी जाऊन वाचून दाखवलं. सोमी शाळेत अजून येत नाही.

"जैनी मात्र रोज शाळा सुटली का तिच्या अंगणाबाहेर जाऊन बसते," त्या म्हणाल्या. "आत जात नाई, हाक मारत नाई. अंधार पडाच्या आधी उठून घरी जाते. पंधरा दिवस झाले."

फोन ठेवला तेव्हा माझा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला होता. ते कुंपण, बाहेर बसलेली ती मुलगी, आतलं बंद दार, सगळं मला दिसत होतं. मी पेन्सिल परत ठेवली. ते चित्र मी काढणार नाही.