ओल्या गोणपाटाची परीक्षा

उभ्या परभणी जिल्ह्यात उगवून दाखवल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा सासरा आहे. मी त्यांना मामा म्हणते. राणीसावरगावच्या आमच्या घरात कुठलंही धान्य आलं की मामा त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवणार आणि आठवड्याने मोड मोजणार. पेरणीच्या आधी निम्मं गाव त्यांचा आकडा विचारायला येतं. मला बघायला आले तेव्हाही त्यांनी माझ्या वडिलांची मूठभर ज्वारी खिशात घातली आणि होकार आठ दिवसांनी कळवला. म्हणे, "बियाणं नीट राखणारं घर लेकीलाबी नीट वाढवतं." ज्वारी उगवली नसती तर माझं काय झालं असतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

गेल्या साली गावच्या शेतकरी गटापुढे प्रश्न आला. साठवलेल्या हरभऱ्याला दरवर्षी भुंगा लागायचा. कुणीतरी सुचवलं, हरभऱ्यावर प्रक्रिया केंद्रात नेऊन गॅमा किरण सोडून आणायचे, मग भुंगा लागत नाही. नमुन्याचं पोतंही आलं. पण किरणांचा हरभरा खाऊन पोटात काय होईल, यावर पारावर रोज भांडणं. कुणी म्हणे रोग होतो, कुणी म्हणे शास्त्रज्ञांनी तपासलंय. शेवटी सगळे म्हणाले, "मामा सांगतील ते खरं."

मामांनी गोणपाट भिजवलं. आठ दिवसांनी उघडलं तर एकाही दाण्याला धड मोड नव्हता. त्यांचा चेहरा उतरला. "हे मेलंय, सूनबाई. मेलेलं आमी लोकांना खायला सांगणार न्हाई."

मी शाळेत विज्ञान शिकवते, पण सासऱ्यांपुढे शास्त्र पाजळायची माझी छाती नव्हती. त्या दिवशी पुरण शिजत होतं. मी हळूच म्हटलं, "मामा, ही हरभऱ्याची डाळ तरी कुठं उगवते? तुम्ही तर तीन पोळ्या खाता."

मामा जेवायला बसले. दोनच पोळ्या खाल्ल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. संध्याकाळी बघते तर डाळीचे शंभर दाणे मोजून गोणपाटात ठेवलेले!

आठवड्याने उघडलं तर डाळीलाही एक मोड नव्हता, आणि त्याच दिवशी पारावर गट जमला. तीस वर्षांत ज्यांचा शब्द कुणी खोडला नव्हता, ते मामा उभे राहिले. "मी चुकलो. पेरायचं बी येगळं अन् खायचा दाणा येगळा. बियाण्याला हे किरण नगंत. खायचं म्हणाल तर आधी महिनाभर मी खातो, मग तुमी ठरवा. हे मला आमच्या सुनेनं शिकवलं."

महिनाभर खाऊन शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तपासणाऱ्या शास्त्रज्ञांचे कागद मीच गटाला वाचून दाखवले. पण लोक कागदापेक्षा मामांकडे बघत होते. रोज कुणीतरी यायचं, "मामा, बरं हाय न्हवं?" महिन्याने गटाने होकार दिला. भर पारावर सुनेचं नाव घेऊन चूक कबूल करणारा सासरा माझा आहे, हे मी माहेरी अजून सांगत असते.

यंदा मामांची नजर फार अधू झाली आहे. परवा त्यांनी सोयाबीनचं ओलं गोणपाट माझ्यापुढे सरकवलं. आजवर त्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. "मोज पोरी. लोकं वाट बघायलेत."

मी मोड दोनदा मोजले. शंभरात एकोणऐंशी. त्यांनी पडताळून पाहिलं नाही. काठी टेकत बाहेर गेले आणि ओट्यावरच्या माणसांना माझा आकडा सांगितला.