बाबांचा अंगठा

मैत्रिणींनो, आज मुरबाडच्या बाजारातून आल्यापासून कशातच लक्ष लागत नाही.

शहापूरच्या जंगल-गार्डाच्या बुटांसाठी बाबा चामडं निवडत होते. नजर अधू झाली, पण ते अंगठ्यानं दाबून ओळखतात. जनावराच्या पाठीचं चामडं घट्ट. पोटाचं सैल, त्याचे बूट लवकर पसरतात. हे त्यांनीच मला शिकवलं.

आज त्यांनी पोटाचंच उचललं. "बघ गो, पाठीचं हाय."

मी दाबलं. ढिल्या सुरकुत्या उमटल्या. "बाबा, दुसरं बघू या?"

"शालंत आता चामडं पन शिकवतात काय?" बाबा हसले. व्यापारीही हसला, पण माझ्याशी नजर भिडताच त्यानं मान वळवली.

आता तो तुकडा भिजत घालून बाबा गुणगुणतायत. सकाळी कापतील. त्यांचा अंगठा बधिर झालाय, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही सांगितलं असतं?