सोमवारची हायब्रिड

ट्रॉम्बेच्या वाटेवरच्या एका गोल्फ कोर्सवर माझे पप्पा तीस वर्षं कॅडी होते. साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घ्यायची आणि मारलेला बॉल थांबेपर्यंत त्याच्यावरची नजर काढायची नाही, हे त्यांचं काम. बॉल हरवला की कॅडीची इज्जत गेली. सोमवारी मेंबर येत नसत. त्या सकाळी कॅडींना खेळायची मुभा असे.

पप्पांकडे स्वतःची एकच काठी होती, एका साहेबांनी नवा सेट घेताना देऊन टाकलेली हायब्रिड. गोल्फ मला अजूनही रिकामटेकड्यांचा खेळ वाटतो, पण ती काठी मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचे. तिचं डोकं म्हणजे अर्धं-अर्धं: लाकडी म्हणतात त्या मोठ्या काठीसारखी पाठ गोल, फुगीर; तोंड मात्र लोखंडी काठीसारखं सपाट. जमिनीवर टेकवली की अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी निवांत बसायची. आतून पोकळ, सगळं वजन तळाशी. उंच गवतात लांब लोखंडी काठी अडकते, तिथून ही सुळकन निघते. बॉल उंच जातो आणि अलगद उतरतो. "ही आपल्या चुका पोटात घालते गं," पप्पा म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. पप्पांनी कोर्सवर कुणाला कळू दिलं नाही. मी कडाकडा भांडले. शेवटी ते म्हणाले, "सोमवारी चल. मी मारतो, तू बॉलवर नजर ठेव. कुठं पडला ते मला बरोबर सांगता आलं तर कामावर जाणार. नाही तर बास."

मी ऑफिसला दांडी मारून गेले. हवेत धुरकट उजेड होता, टेकड्या आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. दवाने चपला भिजल्या. वर घारी आवाज न करता फिरत होत्या. आपण अजून झोपेतच चालतोय असं मला वाटत राहिलं.

पप्पांनी हायब्रिड धरली. घरी गुडघ्यांवर हात देऊन उठणारा माणूस कमरेतून इतका हळुवार वळला, की मी बघतच राहिले. टप्प असा मऊ आवाज आला. काठी खांद्यामागे गेली आणि ते तसेच थांबले, हनुवटी वर, चेहऱ्यावर तो धुरकट उजेड. जन्मभर मी त्यांना दमून घरी आलेलंच पाहिलं होतं.

काठी खाली घेत ते म्हणाले, "उडाला तेवढा दिसला. मग नुसतं पांढरं. कुठं पडला गं?"

वाट लागली. मी बॉल बघितलाच नव्हता. मधोमध पडला असं ठोकून द्यावं, असं क्षणभर वाटलं.

"पप्पा, मी तुमच्याकडेच बघत होते."

कॅडीच्या पोरीने बॉलवरची नजर काढावी! आता ओरडतील, असं वाटलं. ते काठीवर हात टेकून उभे राहिले.

"मग सांग ना, कसा दिसत होतो?"

मी सगळं सांगितलं, कंबर कशी वळली, हात कुठं थांबले. सांगताना मला रडू आवरेना.

"तीस वर्षं दुसऱ्यांचे फटके बघितले," ते म्हणाले. "माझा कुणी बघितलाच नव्हता."

बॉल आम्ही शोधला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच जाऊन कॅडींच्या यादीतून नाव काढून घेतलं.