भाड्याच्या घराचे पडदे

आमच्या कात्रजच्या दोन खोल्यांचे फोटो मी घरसजावटीच्या याच ग्रुपवर टाकत आले. आईच्या साड्यांचे पडदे, जुन्या बाजारातून आणून स्वतः घासलेलं कपाट, एक पिवळी भिंत. घर असं दिसायला चार वर्षं लागली.

आज सकाळी घरमालक आले. दरवेळी नव्याने होणारा अकरा महिन्यांचा करार संपतोय.

"ताई, घराचं सोनं केलंत हो. सूनबाईंनी तुमच्या त्या ग्रुपवर फोटो पाहिले. आता मुलगा आणि ती इथे राहायचं म्हणतायत."

"म्हणजे आम्ही निघायचं?"

"महिनाभर आहे की. पडदे तेवढे राहू द्या, तिला आवडलेत."

ते गेल्यावर मी पडदे काढले. नवरा म्हणाला, "अगं, अजून महिना राहायचंय आपल्याला. ऊन येतंय."

सूनबाई, तुम्हीही हे वाचाल. घर तुमचंच आहे. मग मला फसवल्यासारखं का वाटतंय?