धानाचं औषध आणि बहिणीचा गुडघा

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि दरवर्षी मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवते. चिमट्यात धरलेली ती करडी पट्टी पेटली की असा पांढराशुभ्र उजेड पडतो की मागच्या बाकावरची झोपाळू मंडळीही ताठ होतात. ज्योतीकडे बघू नका म्हणून मी ओरडते. हाच धातू पानाच्या हिरव्या रंगात असतो, आपल्या हाडांत असतो, हलका म्हणून लॅपटॉपच्या सांगाड्यातही असतो, हे सांगताना मलाच दरवेळी नवल वाटतं. एवढं भडकणारं काहीतरी धानाच्या पात्यात इतकं गुमान कसं बसतं?

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला गोंदियाजवळ मुर्रीला आमच्या घरी आली, तेव्हा धानाची रोवणी चालू होती. घरात करमत नाही म्हणून ती धानाच्या बांधीत, धुऱ्याच्या उंचवट्यावर जाऊन बसायची आणि आईची नजर चुकवून चिखलात उतरायची. तिचे पाय सुजले. रोवणीत आमच्याकडे सगळ्याच बायांचे पाय सुजतात, त्यामुळे कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. आईनं तर उपायही घरातच शोधला. गेल्या हंगामात धानाची खालची पानं पिवळी पडली होती, तेव्हा बाबांनी कृषी केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणलं होतं. पाय शेकायचं मीठ तेच, असं आईनं मोबाइलवर पाहिलं होतं. उरलेल्या पिशवीतलं मूठभर तिनं कोमट पाण्यात टाकलं आणि बहिणीचे पाय त्यात बुडवले.

मी शाळेतून आले तेव्हा बहीण घमेल्यात पाय सोडून बसली होती आणि तिचा चेहराही फुगलेला होता. मला संताप आला. चेहरा काय चिखलात उभा होता का, असं मी आईला विचारलं.

"काऊन बोंबलून राहिली?" आई म्हणाली. "रोवणीत सूज येतेच."

तेवढ्यात बहीण कपाळ दाबत म्हणाली, "ताई, डोकं लय दुखून राहिलं. डोळ्यापुढं काजवे चमकून राहिले."

मग मी कोणाचं ऐकलं नाही. शेजाऱ्यांच्या ऑटोत घालून तिला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. रक्तदाब फार चढला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधीही झटके येतील, आणि आले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका. लगोलग इंजेक्शन भरलं गेलं. मी सवयीनं कुपीवरचं नाव वाचलं. मॅग्नेशियम सल्फेट!

मी घाबरले की गप्प बसत नाही, जास्तच प्रश्न विचारते. हे तर धानाला घालतात ना? झटके कसे थांबवणार? नर्सताई वैतागून म्हणाल्या, "मॅडम, आप पहले बैठो." पण हात चालवता चालवता त्यांनी सांगितलं. शेतातलं ते खत, हे शुद्ध केलेलं औषध. पाय बुडवून ही सूज उतरत नाही. नसेतून गेलं की मात्र ते मेंदूचा भडका आवरतं. औषध आत जाताच बहीण म्हणाली, अंगात जाळ झाला. नर्सताई म्हणाल्या, होतं तसं.

ऑपरेशन करून मुलगी झाली, रडलीही खणखणीत. तरी इंजेक्शनं चालूच होती, कारण झटके नंतरही येऊ शकतात. दर डोसाआधी नर्सताई बहिणीच्या गुडघ्याखाली हात घालत आणि रबरी हातोडीनं हलकेच ठोकत. पाय उडाला की पुढचा डोस. मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी गुडघा झोपतो आणि मग श्वास. त्यावर उतारा कॅल्शियमचा, आणि ती कुपी उशाशी काढून ठेवलेली होती. मी वर्गात आवर्तसारणीत या दोन धातूंना एकाखाली एक मांडते. इथे एक बहिणीच्या अंगात होता आणि दुसरा पहाऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सताईंनी ठोकलं आणि पाय हलला नाही. पुन्हा ठोकलं, तरी नाही. त्यांनी डोस बाजूला ठेवला, डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि बहिणीच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायला लागल्या. आई बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली होती. मला पहिल्यांदाच एकही प्रश्न सुचला नाही. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

श्वास ठीक होता. थांबू, बघू, असं ठरलं. मी खाटेच्या कडेला, तिच्या पायाशी बसून राहिले. उन्हं कलल्यावर नर्सताई परत आल्या, गुडघा उचलला आणि ठोकला. पाय असा उडाला की लाथ सरळ माझ्या बरगडीत बसली.

बहिणीनं डोळे किलकिले केले. जड जिभेनं विचारलं, "लागलं का, ताई?"

मला रडू फुटलं होतं. तिचा पाय दोन्ही हातांनी धरून मी म्हटलं, "मार. अजून एक मार."