पांढरी पाच

नाव: श्री. धाकू भिकाजी घाडी. वय: एकसष्ट, शाळेच्या दाखल्यानुसार एकोणसाठ. मूळ गाव कणकवली तालुक्यात, हल्ली मुक्काम विक्रोळी पूर्व, दुसरा मजला. व्यवसाय: निवृत्त फिटर, सध्या मुलुंडच्या एका टॉवरमध्ये लिफ्टची देखरेख. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीला पेटीचा घट्टा. पद: श्री रवळनाथ प्रासादिक भजन मंडळाचे बुवा, सन १९९४पासून तहहयात. पट्टी: पांढरी पाच.

ही माहिती मंडळाने छापलेल्या परिचयपत्रातली आहे. खाली अध्यक्षांची सही आणि गोल शिक्का आहे, तेव्हा शंकेला जागा नाही.

पट्टी म्हणजे, गाणारा पेटीवर जिथे आपला सा मानतो ती जागा. शास्त्र म्हणतं, सा कुठेही माना. बाकीचे सहा स्वर मुकाट्याने त्याच्या मागे येतील. शास्त्र उदार आहे. भजन मंडळं तितकी उदार नाहीत. साधारण पुरुषाचा गळा काळी एकला, फार तर काळी दोनला सुखाने नांदतो. पांढरी पाच त्याच्या पुष्कळ वर. तिथे मानेच्या शिरा फुगतात आणि भजनाच्या सामन्यात समोरचं मंडळ गप्प बसतं. ‘आमचे बुवा पांढरी पाचला गातात’ हे चाळीत ‘आमचा मुलगा कलेक्टर आहे’ अशा आवाजात सांगितलं जायचं.

धाकू बुवा झाला तोही पट्टीवरूनच. चौऱ्याण्णव साली तेव्हाचे सोनूबुवा एका भजनात दोन पट्ट्या खाली उतरले. कोणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या भजनाला पेटी धाकूसमोर ठेवलेली होती, एवढंच. सोनूबुवांच्या हातात झांज दिली गेली. ती त्यांनी चार महिने वाजवली आणि मग यायचे बंद झाले. का येत नाहीत हे विचारायला कोणी गेलं नाही. धाकूही गेला नाही.

सहा वर्षांपूर्वी धाकूबुवांचा गळा वर जाईनासा झाला. डॉक्टरांनी गरम पाणी प्यायला सांगितलं. पाणी गरम झालं, गळा होता तिथेच राहिला. तेव्हा बुवांनी स्केल चेंजर पेटी घेतली. या पेटीतला पट्ट्यांचा पाट उचलून बाजूला सरकवता येतो. बोटं पांढरी पाचवर पडतात आणि सूर निघतो काळी दोनचा. पाहणाऱ्यांना पांढरी पाच, गाणाऱ्याला काळी दोन, अशी दोघांची सोय.

हे दोघांनाच ठाऊक होतं. एक बायको मालन, कारण घरी पाट सरकवताना दुसरं टोक ती धरायची. दुसरा पखवाजवाला प्रीतम. पेटी खोटं बोलू शकते. पखवाजाला ते जमत नाही, कारण तो बुवांच्या ‘सा’शी मिळवावा लागतो. प्रीतम विम्याचा एजंट, गुपितं सांभाळायची सवय होती. “माजा काय जाता, बुवानू? वादीतले चार लाकडी गठ्ठे सैल करतंय,” एवढंच तो म्हणाला.

गाण्याने माणूस दमतो असं म्हणतात. काळी दोनला गाताना पांढरी पाचच्या शिरा फुगवणं हे त्याहून दमवणारं काम आहे. सहा वर्षं बुवा भजनाहून घरी आले की तासभर कोणाशी बोलत नसत. लोकांना वाटे, समाधी.

यंदा माघी गणपतीला दहिसरहून नात आली. मानसी, सातवीत, गाण्याच्या पहिल्या परीक्षेला बसलेली. दुपारी वही घेऊन तिने आजोबांना धरलं.

“आजोबा, लय म्हणजे काय?”

“लय म्हणजे प्रीतम.”

“असं नसतं हो! दोन मात्रांमधल्या समान अंतराला लय म्हणतात. बरं, सम?”

“दत्ताची झांज जिथे चुकून बरोबर पडते, ती सम.”

“चेडवाक नापास करशात!” स्वयंपाकघरातून मालन ओरडली.

“सम म्हणजे तालाची पहिली मात्रा,” मानसीने वाचून दाखवलं. “आणि अचल स्वर?”

हा शब्द बुवांनी चाळीस वर्षांच्या गाण्यात ऐकला नव्हता. मानसी वाचू लागली, “जे स्वर आपली जागा सोडत नाहीत, कोमल किंवा तीव्र होत नाहीत, त्यांना अचल स्वर म्हणतात. असे स्वर दोन, सा आणि प.”

“हे कोणी लिहून दिलं?”

“आमच्या बाईंनी.”

“बाई तरुण असतील,” बुवा म्हणाले.

“तुमचा सा कुठला, आजोबा?”

“पांढरी पाच.” सवयीने तोंडातून गेलं. स्वयंपाकघरातला झारा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी साडेपाचला चाळीच्या चौकात मंडळ बसलं. साठसत्तर माणसं समोर. बुवांनी पेटीचा भाता सोडला, माईक पुढे ओढला, आणि मानसी हातात मोबाइल आणि डबीएवढा स्पीकर घेऊन पुढे आली.

“आजोबा, सरप्राइज! तानपुरा आणलाय. तुमच्या पांढरी पाचलाच लावलाय.”

तिने बटण दाबलं. तानपुरा सुरू झाला. अध्यक्ष “वा!” म्हणाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता पेटीवर बोट ठेवलं की दोन वेगळे सा साऱ्या चौकाला ऐकू येणार. प्रीतमने पखवाजावरचा हात काढून घेतला आणि नखं बघत बसला.

बुवांनी ओठातल्या ओठात पांढरी पाचचा सा लावून पाहिला. खरखर झाली, सूर झाला नाही. पोरीला ‘बंद कर’ म्हणता आलं असतं. मग पुढच्या भजनाला तिने परत लावला असता, आणि त्यापुढच्या. बुवांना सोनूबुवांची झांज दिसली. ती वाजवण्याइतकाही जोर आता अंगात नाही, असं त्यांना वाटलं. खोटं रेटण्याइतका तर नव्हताच.

“मानसी, खाली घे तो. काळी दोन.”

“पण तुम्हीच म्हणालात ना, पांढरी पाच?”

“म्हणालो. आता नाही जात गं. सहा वर्षं झाली.”

माईक चालू होता. हे वाक्य गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू गेलं.

बुवांनी सर्वांदेखत पेटीचं झाकण उघडलं. प्रीतमने न सांगता दुसरं टोक धरलं. पाट चार पट्ट्या सरकून आपल्या मूळ जागी बसला. मग मागून झांजवाला दत्ता पुढे सरकला. वय अठ्ठावन्न, पुढचे दोन दात नाहीत.

“बुवानू, एक सांगू? काळी दोनाक तरी आमी खंय पोचतव? सहा वर्सा मी अंतऱ्याक नुसता त्वांड हलवतंय.”

“मीपण,” कोरसमधून एक आवाज आला. मग आणखी एक. सगळ्यात मागचा म्हणाला, “मी तर दहा वर्सा.”

“काळी एकाक घेवा,” दत्ता म्हणाला. “जीव वाचात.”

बुवांनी पेटी थोडी पुढे ढकलली. “आणि बुवा कोण?”

दत्ताने मंडळावरून नजर फिरवली. सगळ्यात तरुण प्रीतम, वय सेहेचाळीस. बाकीची पोरं कधीच विरारला, पनवेलला राहायला गेली होती.

“हंय पांढरी पाचवालो कोण आसा?” दत्ताने विचारलं. “नाय ना? मगे बसा थंयच.”

मानसीने तानपुरा काळी एकला आणला. पखवाज तिथवर उतरवायला प्रीतमला अकरा मिनिटं लागली, तेवढ्यात लोकांचा चहा झाला. मग आरतीपर्यंत सगळं भजन काळी एकला झालं, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही फरक कळला नाही.